‘मार्क ट्वेन’ हे नाव नेमके आले कुठून, आणि अभ्यासक अजून का भांडतात?

प्रश्न दुहेरी आहे. अमेरिकन लेखक सॅम्युएल क्लेमेन्सने ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव नदीवरून घेतले, दारूच्या गुत्त्यावरून घेतले, की एका विनोदी साप्ताहिकातून उचलले? आणि त्याच्या लेखनावर प्रभाव कोणाचा, यावर शंभर वर्षे झाली तरी एकमत का होत नाही? अमेरिकन साहित्य शिकवताना हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका ओळीचे उत्तर हवे असते. ते देतो: शब्द नदीचा आहे यात वाद नाही, पण ट्वेनने स्वतः सांगितलेली कथा तारखांपुढे टिकत नाही. वादाची खरी मजा मात्र या ओळीच्या पलीकडे सुरू होते.

आधी पक्क्या गोष्टी. क्लेमेन्सचा जन्म १८३५ चा, बालपण मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावात. १८५७ मध्ये तो होरेस बिक्सबी या पायलटच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला आणि एप्रिल १८५९ मध्ये त्याला स्वतःचा परवाना मिळाला. आगबोटीच्या नाकाडावर उभा असलेला माणूस शिसे बांधलेला दोर पाण्यात सोडून खोली मोजायचा आणि ओरडून वर कळवायचा. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दोन फॅदम, बारा फूट. बोटीला पुरेसे पाणी. पण ही आरोळी नेहमी दिलासा देणारी नसे. खोल पाण्यातून उथळाकडे जाताना तीच आरोळी ‘आता सांभाळा’ असे सांगायची. १८६१ मध्ये यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक बंद पडली, क्लेमेन्स थोरला भाऊ ओरायन याच्याबरोबर नेवाडाला गेला, खाणीत हात पोळून घेतले आणि सप्टेंबर १८६२ मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या ‘टेरिटोरियल एंटरप्राइज’ या वृत्तपत्रात नोकरीला लागला. तिथे ३ फेब्रुवारी १८६३ ला छापलेल्या, कार्सन सिटीहून पाठवलेल्या एका वार्तापत्राखाली ‘मार्क ट्वेन’ ही सही दिसते. आजवर सापडलेली ही त्याची सर्वांत जुनी सही.

हे त्याचे पहिले टोपणनाव नव्हते. हॅनिबलच्या छोट्या वृत्तपत्रात पोरसवदा वयात तो ‘डब्ल्यू. एपामिनोंडस अ‍ॅड्रास्टस पर्किन्स’ होता, आयोवात ‘थॉमस जेफरसन स्नॉडग्रास’, नेवाडाच्या खाणीतून पत्रे पाठवताना ‘जॉश’. ही नावे बघितली की कळते, पोरगा टोपणनावे सदऱ्यासारखी बदलत होता. मग १८६३ नंतर एकच नाव का राहिले? मला हा प्रश्न ‘नाव कुठून आले’ यापेक्षा मोठा वाटतो, पण त्याकडे मागाहून येतो.

आता ट्वेनची स्वतःची साक्ष. मे १८७७ मध्ये एका पत्राला उत्तर देताना त्याने लिहिले की हे नाव कॅप्टन आयझाया सेलर्स या जुन्या पायलटचे, तो न्यू ऑर्लिन्सच्या ‘पिकायून’ या वृत्तपत्रात नदीची खबरबात या सहीने द्यायचा, १८६३ मध्ये तो वारला, त्याला आता सहीची गरज उरली नव्हती, म्हणून आपण मृताची परवानगी न घेता ती बळकावली. १८८३ मध्ये मिसिसिपीवरच्या पुस्तकात हीच कथा त्याने पश्चात्तापाची फोडणी देऊन विस्ताराने सांगितली: तरुणपणी आपण सेलर्सचे क्रूर विडंबन केले, म्हाताऱ्याच्या ते जिव्हारी लागले, त्याने पुन्हा काही छापून आणले नाही, आणि ते नाव चालवणे ही आपल्याकडून एक प्रकारची भरपाई आहे.

कथा फार सुंदर आहे, आणि तिचा पहिला अर्धा भाग खराही आहे. मे १८५९ मध्ये सेलर्सने व्हिक्सबर्गहून एक टिपण दिले होते: नदीला १८१५ नंतर इतके पाणी आलेले नाही, जूनच्या आत न्यू ऑर्लिन्सच्या कॅनाल स्ट्रीटवर चार फूट पाणी चढेल. क्लेमेन्सने ‘सार्जंट फॅदम’ या नावाने त्याची टर उडवली. त्याचा सार्जंट थेट १७६३ सालच्या आठवणी सांगतो, आणि त्या बोटीवर कप्तान चिनी असतो नि खलाशी चॉक्टॉ जमातीचे मूळ अमेरिकन. ही टर ‘न्यू ऑर्लिन्स क्रेसेंट’ या वृत्तपत्रात छापून आली. ज्यांना ट्वेन पुढे काय होणार ते पाहायचे आहे त्यांनी हे छोटे विडंबन जरूर वाचावे. म्हाताऱ्यांच्या ‘आमच्या काळी’चा इतका नेमका गळा त्याने तेविसाव्या वर्षी पकडला होता.

पण सेलर्सच्या त्या टिपणाखाली सही काय आहे? ‘आय. सेलर्स’. सेलर्सने ‘मार्क ट्वेन’ अशी सही केल्याचे एकही कात्रण अभ्यासकांच्या हाती लागलेले नाही. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे सेलर्स वारला मार्च १८६४ मध्ये. म्हणजे क्लेमेन्सने ‘मृताकडून’ नाव घेतले तेव्हा मृत आणखी तेरा महिने जगणार होता. अल्बर्ट बिगलो पेन या अधिकृत चरित्रकाराने १९१२ मध्ये ही कथा जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली, त्यामुळे ती पाठ्यपुस्तकांत शिरली आणि आजही तिथून हललेली नाही.

दुसरी कथा नेवाडाची. व्हर्जिनिया सिटीच्या गुत्त्यात क्लेमेन्स उधारीवर प्यायचा. एकदम दोन पेले मागवायचा, आणि गुत्तेवाल्याला सांगायचा, ‘मार्क ट्वेन’, म्हणजे माझ्या नावापुढे खडूने दोन रेघा ओढ. ही गोष्ट १८६० च्या दशकातच पश्चिमेकडच्या वृत्तपत्रांत फिरू लागली होती. १८७७ मध्ये ती पुन्हा छापून आली, आणि त्याच वर्षी ट्वेनने सेलर्सची कथा सांगितली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॉल फॅटाउट यांनी १९६२ च्या लेखात नदीच्या कथेतली भगदाडे दाखवून नेवाडाच्या या आठवणींना अभ्यासाच्या चर्चेत आणले.

माझे मत विचाराल तर गुत्त्याची गोष्ट नावाचे मूळ म्हणून पटत नाही, पण विनोद म्हणून पूर्ण पटते. व्हर्जिनिया सिटीचे पत्रकार एकमेकांबद्दल अशा थापा रोज रचत. ऑक्टोबर १८६२ मध्ये खुद्द क्लेमेन्सने एका अश्मीभूत माणसाची बातमी छापली होती, ज्याचा अंगठा नाकाला लावलेला होता, आणि कितीतरी वृत्तपत्रांनी ती गंभीरपणे उचलली. अशा मंडळींनी ‘मार्क ट्वेन’ या सहीचा अर्थ दोन पेले असा लावला नसता तरच नवल. नदीवरची आरोळी क्लेमेन्सनेच गुत्त्यात आणली असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. फक्त त्यातून क्रम सिद्ध होत नाही: सही आधी की उधारी आधी?

तिसरी बाजू अलीकडची आहे आणि तिनेच वाद पुन्हा पेटवला. टेक्ससमधले दुर्मीळ पुस्तकांचे व्यापारी आणि ट्वेनचे संग्राहक केविन मॅक डॉनेल यांनी २०१३ मध्ये ‘मार्क ट्वेन जर्नल’मधून एक शोध मांडला. न्यूयॉर्कच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या विनोदी साप्ताहिकाच्या २६ जानेवारी १८६१ च्या अंकात (आजच्या त्याच नावाच्या मासिकाशी याचा संबंध नाही) एक छोटे प्रहसन आहे. दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून नुकतेच फुटलेले. प्रहसनात चार्ल्सटनचे खलाशी सभा भरवतात आणि होकायंत्राची सुई उत्तरेकडेच का वळते म्हणून संतापतात. त्या सभेतल्या पात्रांची नावे: पाइन नॉट, ली स्कपर आणि मार्क ट्वेन. क्लेमेन्सच्या सहीच्या दोन वर्षे आधी, माणसाचे नाव म्हणून, छापील.

हा खरा कागदी पुरावा आहे आणि त्याचे महत्त्व मी अजिबात कमी लेखत नाही. आधीच्या दोन कथांकडे नुसत्या आठवणी होत्या; इथे तारीख आहे, पान आहे. मॅक डॉनेल यांचा तर्क असा की क्लेमेन्सने नाव इथून घेतले आणि पुढे, प्रतिष्ठित लेखक झाल्यावर, एका विनोदी पत्रातल्या फुटकळ पात्राशी असलेले नाते झाकायला सेलर्सची कथा रचली. पण इथे दोन ठिकाणी माझे पाऊल अडखळते. जानेवारी १८६१ मध्ये क्लेमेन्स मिसिसिपीवर बोट चालवत होता. तो अंक त्याच्या हातात पडल्याचे दाखवणारे पत्र, नोंद, काहीच नाही. शिवाय या साप्ताहिकाशी क्लेमेन्सला जोडणारा म्हणून आर्टेमस वॉर्ड या विनोदकाराचे नाव घेतले जाते. वॉर्ड तिथे संपादक होता हे खरे, पण तो व्हर्जिनिया सिटीत आला डिसेंबर १८६३ मध्ये, म्हणजे सही रूढ झाल्यावर.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती शोधातूनच निघते. त्या प्रहसनातली सगळी नावे जहाजावरच्या शब्दांवरच्या कोट्या आहेत. स्कपर म्हणजे डेकवरचे पाणी बाहेर सोडणारे भोक, ली म्हणजे वाऱ्याच्या उलटीकडची बाजू. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या एका अनाम विनोदकाराला ‘मार्क ट्वेन’ या आरोळीतून माणसाचे नाव सहज सुचले. ‘मार्क’ हे इंग्रजीत माणसाचे नाव असल्याने कोटी तयारच होती. मग जो माणूस चार वर्षे रात्रंदिवस ती आरोळी ऐकत होता आणि ज्याला टोपणनावांचा चाळा होता, त्याला ती का सुचू नये? शोध जितके ‘त्याने इथून घेतले’ असे सुचवतो, तितकेच ‘हे कोणालाही सुचण्यासारखे होते’ असेही सांगतो.

तरीही हा तर्क फेटाळू नये, आणि त्याचे कारण ट्वेननेच दिले आहे. १८६९ च्या प्रवासवर्णनाची अर्पणपत्रिका त्याला फार आवडायची. काही काळाने एका मित्राने दाखवून दिले की ती कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या पुस्तकातली आहे. १८६६ मध्ये हवाई बेटांवर आजारी पडून असताना ट्वेनने होम्स यांच्या कविता पारायण करून वाचल्या होत्या. शब्द डोक्यात राहिले, ते कोणाचे हे विसरले गेले. त्याने होम्स यांना पत्र लिहिले, त्यांनी मोठ्या मनाने उत्तर दिले, आणि डिसेंबर १८७९ मध्ये बॉस्टनला होम्स यांच्या सन्मानार्थ झालेल्या न्याहारीच्या समारंभात ट्वेनने हा किस्सा सर्वांसमोर सांगितला. १९०३ मध्ये हेलन केलर यांना लिहिलेल्या पत्रातही, लहानपणी त्यांच्यावर झालेल्या वाङ्मयचौर्याच्या आरोपावर भडकून, त्याने म्हटले की माणसाच्या बोलण्यातले जवळजवळ सगळेच उसने असते. तेव्हा १८६१ च्या अंकातले नाव वाचून, विसरून, दोन वर्षांनी आपलेच म्हणून वर येणे अशक्य नाही. त्यासाठी त्याला खोटारडा ठरवण्याचीही गरज पडत नाही.

मग १८७७ पासून सेलर्सची कथाच का? इथे मी अनुमानावर आहे, पण अनुमानाला पाया आहे. तोवर क्लेमेन्स हार्टफर्डच्या मोठ्या घरातला प्रतिष्ठित गृहस्थ होता, बायको ऑलिव्हिया पूर्वेकडच्या सधन घराण्यातली. उधारीच्या रेघांपेक्षा जुन्या पायलटकडून आलेला वारसा कधीही शोभून दिसणार. शिवाय नाव आता पैशाचे झाले होते. परवानगीविना पुस्तके छापणाऱ्यांना रोखण्यासाठी त्याने टोपणनावावर व्यापारचिन्हासारखा हक्क सांगितला, आणि १८८३ मध्ये ‘क्लेमेन्स विरुद्ध बेलफर्ड, क्लार्क’ या खटल्यात न्यायालयाने तो मानला नाही. त्याची प्रकाशनसंस्था १८९४ मध्ये बुडाली तेव्हा कर्ज फेडायला जगभर व्याख्याने देत फिरला ते याच नावाच्या बळावर. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईकरांनी तिकीट काढले ते क्लेमेन्सचे नव्हे, मार्क ट्वेनचे. १९०८ मध्ये तर ‘मार्क ट्वेन कंपनी’च स्थापन झाली. एकच नाव का राहिले, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे असे, की इतर टोपणनावे मुळात टिंगलीची होती, लेखापुरती. हे नाव खऱ्या माणसाचे वाटते. आपल्याकडे गडकऱ्यांनी कवितेला ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदाला ‘बाळकराम’ अशी वेगळी घरे दिली. क्लेमेन्सने सगळा संसार एकाच नावाखाली मांडला.

आता प्रभावांकडे. इथे भांडण जुने आहे. १९२० मध्ये समीक्षक व्हॅन विक ब्रुक्स यांनी मांडले की सरहद्दीवरच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांतल्या, रांगड्या आयुष्याने आणि मग पूर्वेच्या सोवळ्या समाजाने मिळून ट्वेनमधला कलावंत खुरटवला. १९३२ मध्ये बर्नार्ड डीव्होटो यांनी तलवार उपसली: सरहद्दीनेच ट्वेन घडवला, तिथल्या गावगप्पा आणि वृत्तपत्री विनोद हीच त्याची शाळा. पुढे वॉल्टर ब्लेअर, केनेथ लिन यांनी जॉर्जिया, अलाबामा, टेनेसीकडच्या जुन्या विनोदकारांशी त्याचे धागे जोडले. यातला एक धागा तरी पक्का आहे: जॉर्ज वॉशिंग्टन हॅरिस यांच्या सट लव्हिंगगुड या पात्राच्या गोष्टींचे परीक्षण ट्वेनने १८६७ मध्ये स्वतः लिहिले. म्हणजे वाचल्याचा पुरावा त्याच्याच हातचा.

पण ‘सारखे दिसते म्हणून तिथून आले’ या तर्काने अभ्यासकांना किती खड्ड्यात घातले आहे, याची दोन उदाहरणे मी वर्गात नेहमी सांगतो.

पहिले: १८६१ च्या ‘क्रेसेंट’मध्ये ‘क्विंटस कर्टियस स्नॉडग्रास’ या सहीची दहा पत्रे आली होती. क्लेमेन्स आधी स्नॉडग्रास होता, शहरही त्याच्या फेऱ्यांचे, शैली बरीच जुळणारी. अर्नेस्ट लीझी या जाणत्या अभ्यासकाने १९४६ मध्ये ती ट्वेनची म्हणून पुस्तकरूपाने काढली. १९६३ मध्ये क्लॉड ब्रिनेगर यांनी पत्रांतल्या शब्दांची लांबी मोजली, ट्वेनच्या त्या काळातल्या लेखनाशी ताडली, आणि दोन्ही वेगळ्या माणसांची निघाली. (हे ब्रिनेगर साहित्याचे नव्हेत, अर्थतज्ज्ञ, पुढे ते अमेरिकेचे वाहतूकमंत्री झाले.)

दुसरे उदाहरण खुद्द ट्वेनचेच, आणि मला ते सर्वांत आवडते. ज्या उडी मारणाऱ्या बेडकाच्या गोष्टीने नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याचे नाव देशभर झाले, ती त्याने त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या एंजल्स कॅम्पमध्ये ऐकली होती. तिचे एक रूप १८५३ मध्येच तिथल्या वृत्तपत्रात छापलेले आहे. पण पुढे त्याला कोणी सांगितले की हीच गोष्ट प्राचीन ग्रीकमध्ये आहे, आणि पाठ्यपुस्तकातला मजकूरही दाखवला. ट्वेनने विश्वास ठेवला आणि १८९४ मध्ये त्यावर लेखही लिहिला: दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये घडलेली घटना कॅलिफोर्नियात पुन्हा घडली! प्रत्यक्षात आर्थर सिजविक या इंग्रज शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या भाषांतराच्या सरावासाठी ट्वेनचीच गोष्ट ग्रीक वेषात घातली होती. प्रभाव उलट्या दिशेने वाहिला होता, आणि मूळ लेखकच त्याला फसला. साम्य आढळले की दिशा विचारा, हे याहून चांगले कोण शिकवणार?

म्हणून मी प्रभावाच्या दाव्याला तीन गोष्टी मागतो: वाचल्याची किंवा ऐकल्याची नोंद, काळाचा मेळ, आणि लेखनात खूण. डॉन किहोटे या कसोटीला उतरतो. १८६० मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात क्लेमेन्सने उत्तम गद्याचे नमुने म्हणून गोल्डस्मिथच्या एका पुस्तकाबरोबर त्याचे नाव घेतले आहे, आणि हकलबेरी फिनच्या तिसऱ्या प्रकरणात रविवारच्या शाळेची सहल ‘अरबांचा तांडा’ ठरवणारा टॉम सॉयर उघडपणे त्याच पुस्तकाचा दाखला देतो. मॅलरीच्या आर्थर राजाच्या कथाही उतरतात: १८८४ च्या व्याख्यानदौऱ्यात सहप्रवासी लेखक जॉर्ज वॉशिंग्टन केबलने ते पुस्तक त्याच्या हाती दिले, आणि पाच वर्षांनी आलेल्या ‘कनेक्टिकट यँकी’ या ट्वेनच्या कादंबरीत मॅलरीचे उतारेच आहेत. ‘मी अडाणी माणूस, पुस्तकांतले काय कळते’ हा ट्वेनचा आव किती खोटा होता हे अ‍ॅलन ग्रिबेन यांनी १९८० मध्ये त्याच्या ग्रंथसंग्रहाची यादी पुन्हा उभी करून दाखवले. तो संग्रह रेडिंगच्या गाव-वाचनालयात आणि १९११ व १९५१ च्या लिलावांत विखुरला होता. समासातल्या शेऱ्यांसकट एकेक पुस्तक हुडकणे हे चिकाटीचे काम आहे.

सर्वांत नाजूक वाद शेली फिशर फिशकिन यांच्या १९९३ च्या पुस्तकाचा. हकचा, म्हणजे हकलबेरी फिनचा, आवाज एका कृष्णवर्णीय मुलाच्या आवाजातून आला असे त्या म्हणतात. आधार: नोव्हेंबर १८७४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ट्वेनने लिहिलेला ‘सोशिएबल जिमी’ हा लेख, ज्यात हॉटेलात काम करणाऱ्या एका बडबड्या मुलाचे बोलणे त्याने तसेच्या तसे उतरवले आहे. आक्षेप असा की हकचा नमुना हॅनिबलचा गोरा, दारुड्याचा मुलगा टॉम ब्लँकनशिप, हे ट्वेनने आत्मचरित्रात सांगितले आहे, आणि मिसूरीत गोऱ्यांच्या नि काळ्यांच्या बोलीत अनेक लकबी सामाईक होत्या. माझ्या कसोटीवर हा दावा बहुतेक सर्व दाव्यांपेक्षा भक्कम आहे: ऐकल्याची नोंद आहे, कादंबरीच्या आधीचा काळ आहे, बालवयाच्या निवेदकाला अखंड बोलू देण्याचा तो पहिला प्रयोग आहे. ब्लँकनशिपने हकचे आयुष्य दिले असेल. आवाज दुसऱ्याचा असायला त्याची आडकाठी नाही. मात्र ‘एकाच मुलाकडून’ हे मी म्हणणार नाही. काका क्वार्ल्सच्या शेतावर गुलामांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, आणि एल्मायरात ट्वेनच्या मेव्हणीकडे स्वयंपाक करणाऱ्या मेरी अ‍ॅन कॉर्ड यांनी सांगितलेली आपबिती, जी त्याने १८७४ मध्येच ‘अटलांटिक’ मासिकात छापली, हे सगळे त्या आवाजात आहे. फिशकिन यांच्या आधी कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी १९७० मध्ये याच दिशेला बोट दाखवले होते.

नावाबद्दल माझे मत कशाने बदलेल, हेही सांगून ठेवतो. फेब्रुवारी १८६३ पूर्वीचे, सेलर्सचे ‘मार्क ट्वेन’ सहीचे एक कात्रण निघाले तर ट्वेनची कथा, मृत्यूची तारीख वगळून, मी मान्य करीन. १८६१-६२ मधल्या क्लेमेन्सच्या एखाद्या पत्रात त्या साप्ताहिकातल्या होकायंत्राच्या विनोदाचा ओझरता उल्लेख सापडला तर मॅक डॉनेल जिंकले. गुत्त्याच्या बाजूने कोर्टात टिकेल असा कागद एकच असू शकतो, तारखेसकट उधारीची वही. पण ती उधारी खडूने लिहिलेली होती.